आयबीडी आणि मनावरचा ताण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयबीडी (इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज) म्हणजे आतड्याला दीर्घकाळ दाह करणारे आजार, मुख्यतः क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस. हे आजार असलेली माणसं आणि त्यांच्या घरचे जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. बरेच प्रश्न आले तशाच शब्दांत ठेवले आहेत. ही माहिती डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावी म्हणून आहे. गोळी सुरू-बंद करण्याचा निर्णय मात्र त्यांच्याशी बोलूनच घ्या.

१. टेन्शनमुळेच मला हा आजार झाला का?

नाही. जनुकांमधला कल, आतड्यातले जिवाणू, भोवतालची परिस्थिती आणि भलत्याच गोष्टीवर चवताळलेली प्रतिकारशक्ती यांच्या एकत्र येण्यातून आयबीडी होतो. नुसत्या काळजीने निरोगी आतड्याला क्रोन्स होत नाही.

हा समज आला कुठून, ते कळलं तर तो सोडायला सोपं जातं. १९३० सालापासून अल्सरेटिव्ह कोलायटिसचा संबंध मनातल्या संघर्षाशी जोडणारे लेख येऊ लागले. १९५०च्या सुमारास शिकागोचे मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी ज्या सात आजारांना मनोकायिक (मनातून शरीरात उतरणारे) ठरवलं, त्यात हाही होता. रुग्ण म्हणजे राग गिळणारा, आईवर अति अवलंबून असलेला माणूस, असं चित्र रंगवलं गेलं. पुढे १९९० साली या विषयावरचे १३८ अभ्यास तपासले गेले, तेव्हा बहुतेकांची मांडणीच कच्ची निघाली. जे थोडे नीट केलेले होते त्यांत असा संबंध दिसला नाही. त्याच सात आजारांच्या यादीतला जठराचा अल्सर आठवा. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागचा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू दाखवून दिला आणि २००५ साली त्यांना नोबेल मिळालं. आईला दोष देणारी ती सगळी पानं मला आज वाचवत नाहीत.

२. पण निदानाच्या आधी वर्षभर मी नैराश्यात होतो. मग?

हा प्रश्न रास्त आहे. नैराश्याची नोंद असलेल्या लोकांमध्ये पुढे आयबीडीचं प्रमाण थोडं जास्त दिसतं, हे खरं. पण ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवर २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक बारकावा सापडला. नैराश्याच्या आधीच ज्यांनी पोटाच्या तक्रारी सांगितल्या होत्या, त्यांच्यातच हा धोका वाढलेला होता. पोटाची तक्रार नसलेल्या नैराश्यग्रस्तांमध्ये तो दिसला नाही. याचा एक सरळ अर्थ असा की अनेकांच्या बाबतीत आजार आधीच आत सुरू झालेला असतो, मन त्यामुळे खचलेलं असतं आणि निदान मात्र उशिरा होतं.

३. आयबीडी आणि आयबीएस एकच ना? दोन्हीला टेन्शनच सांगतात.

एक नाहीत. आयबीडीत आतड्याला दाह असतो, जखमा असतात. त्या दुर्बिणीतून दिसतात, बायोप्सीत सापडतात. आयबीएसमध्ये (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) आतडं दिसायला नीट असतं, पण त्याची हालचाल आणि संवेदना बिघडलेली असते. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात, आणि खरा घोळ तिथेच होतो (प्रश्न ७ पाहा).

४. टेन्शन आलं की लगेच संडासला पळावं लागतं. हे मनाचे खेळ का?

अजिबात नाही. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं स्वतःचं जाळं आहे आणि मेंदूशी त्याचं बोलणं दोन्ही बाजूंनी चालू असतं. ताणाचा परिणाम दोन वेगांनी होतो, आणि ते दोन वेगळे ओळखता आले तर बरीच भीती कमी होते.

पहिला परिणाम मिनिटांत दिसतो. मुलाखतीच्या खोलीबाहेर बसल्यावर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते आणि एरवी जाणवली नसती अशी कळही जाणवते. हे निरोगी माणसालाही होतं. आयबीडीने आधीच हुळहुळं झालेल्या आतड्यात ते जास्त होतं, इतकंच. एवढ्याने जखम होत नाही.

दुसरा परिणाम संथ आहे. आठवडेच्या आठवडे ताण राहिला की शरीरातली ताणाची संप्रेरकं चढलेली राहतात, आतड्याचं अस्तर जास्त पाझरू लागतं, तिथल्या मास्ट पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा एक प्रकार) चाळवल्या जातात, जिवाणूंची वस्ती बदलते आणि मेंदूकडून आतड्याकडे येणाऱ्या, दाहाला आवर घालणाऱ्या व्हेगस चेतेचा जोर कमी पडतो. कॉर्टिसोल तर दाह शमवणारं संप्रेरक, त्याच जातीची औषधं (स्टेरॉइड) आपण फ्लेअरमध्ये, म्हणजे आजार पुन्हा पेटतो तेव्हा, घेतो. मग ते वाढल्यावर आजार का बिघडावा, हे कोडं बरीच वर्षं होतं. २०२३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांमध्ये त्याचा एक धागा सोडवला. ही संप्रेरकं दीर्घकाळ चढी राहिली की आतड्यातल्या ग्लिया पेशी (चेतापेशींना आधार देणाऱ्या) दाह वाढवणाऱ्या पेशींना तिकडे बोलावू लागतात. थोडे दिवस शमवणारी गोष्ट रेंगाळली की उलटते.

५. एका वाक्यात सांगा, टेन्शनने फ्लेअर येतो की नाही?

दीर्घकाळ जाणवणारा ताण फ्लेअरची शक्यता वाढवतो, पण प्रत्येकात नाही आणि एकट्याच्या जोरावर क्वचितच.

आता वाक्यं जरा जास्त. रोममध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या, आजार शांत असलेल्या रुग्णांवर लक्ष ठेवून २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ जास्त ताण जाणवणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका सुमारे तिप्पट होता, थोड्या दिवसांच्या ताणाचा मात्र तसा संबंध दिसला नाही. कॅनडातल्या मॅनिटोबात ७०४ जणांचा माग ठेवला गेला. तिथेही जाणवलेला ताण हाच लक्षणं बळावण्याशी जोडलेला निघाला. याउलट स्पेनमधल्या २००६च्या अभ्यासात आयुष्यातल्या तणावाच्या घटना आणि आजार उलटणं यांचा संबंध सापडला नाही. मला यात विरोध दिसत नाही. बदली किंवा घटस्फोट ही घटना सगळ्यांना सारखीच, पण तिचा भार किती दिवस अंगावर राहतो ते ज्याचं त्याचं वेगळं.

उलट दिशाही तितकीच खरी आहे. इंग्लंडमधल्या लीड्स इथे दोन वर्षांहून जास्त काळ चाललेल्या पाहणीत, आजार शांत असताना ज्यांना चिंता होती त्यांना पुढे फ्लेअर किंवा स्टेरॉइडची गरज जास्त लागली. आणि मन ठीक असताना ज्यांचा आजार पेटलेला होता, त्यांना पुढे चिंतेने जास्त गाठलं.

शिवाय ताणाच्या दिवसांत आपण काय करतो तेही बघा. गोळ्यांचे डोस चुकतात, झोप जाते, सिगारेट वाढते (क्रोन्समध्ये ती थेट वैरी आहे), डोकं दुखतं म्हणून आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं पोटात जातात. मग फ्लेअर आला की बोट टेन्शनकडे, आणि चुकलेले डोस कुणी मोजतच नाही.

६. आत्ताचा त्रास टेन्शनचा की दाहाचा, हे घरी कसं ओळखायचं?

खात्रीने ओळखता येत नाही. ज्यांना आजार होऊन वर्षं लोटली आहेत, त्यांचाही अंदाज चुकतो. म्हणून नियम एकच: आधी तपासा, मग टेन्शनला दोष द्या.

तपासणी म्हणजे प्रत्येक वेळी कोलोनोस्कोपी नव्हे. शौचाच्या नमुन्यातलं फीकल कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन मोजलं की आतड्यात दाह आहे की नाही याचा बराच उलगडा होतो. साधारणपणे ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत म्हणजे शांत, २५०च्या वर म्हणजे बहुधा दाह, मधल्या आकड्यात पुन्हा तपासणी. पण संसर्ग झाला असेल किंवा वेदनाशामकं चालू असतील तरीही आकडा चढतो. त्यामुळे नवे जुलाब सुरू झाले की क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूसारख्या संसर्गाची तपासणीही सोबतच करतात.

तोवर एका वहीत चार रकाने ठेवा. एक नोंद अशी दिसते: ‘मंगळवार. ६ वेळा. रक्त नाही. रात्री उठलो नाही. दुपारी साहेबांबरोबर मीटिंग, त्याआधी ४ वेळा.’ दुसरी अशी: ‘शनिवार. ६ वेळा. शेंबडासारखं, थोडं रक्त. रात्री दोनदा जाग. सुट्टी, घरीच.’ आकडा दोन्हीकडे सहाच आहे. पण दुसरी नोंद बघून डॉक्टर लगेच तपासण्या लिहून देतील. रक्त, रात्री झोपेतून उठवणारी कळ, ताप, घटणारं वजन, सांधे किंवा डोळे दुखणं यांचं खापर टेन्शनवर फोडायचं नाही.

७. रिपोर्ट सगळे नॉर्मल, तरी दुखतं आणि जुलाब होतात. डॉक्टर म्हणाले ‘काही नाही’.

‘दाह नाही’ आणि ‘काही नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि घाईच्या ओपीडीत तो पुसला जातो. आजार शांत असतानाही आयबीडीच्या साधारण तिघांपैकी एकाला आयबीएससारखी लक्षणं राहतात. दाह गेला तरी चेता काही काळ, कधी बराच काळ, जास्तच जाग्या राहतात. दुखणं खरंच असतं.

आधी बाकीची कारणं बघायला सांगा: पित्ताम्लांमुळे होणारे जुलाब (लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला असेल तर विशेषतः), लहान आतड्यात वाढलेले जिवाणू, जुन्या जखमेने अरुंद झालेला भाग. ती नसतील तर उपचार चेतांच्या बाजूने होतो. कमी डोसचं अमिट्रिप्टिलिन (नैराश्यावरचं जुनं औषध, कमी डोसमध्ये चेता शांत करतं), आतड्यावर लक्ष ठेवून केलेलं संमोहन, सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा मानसोपचार). इथे स्टेरॉइड वाढवत नेणं ही चूक, आणि अफूच्या जातीची वेदनाशामकं त्याहून मोठी. ती दीर्घकाळ घेतल्याने पोटदुखी उलट वाढू शकते.

८. हे नैराश्य आहे की आजाराचा थकवा?

दोन्ही एकमेकांत इतके मिसळतात की नेहमीच्या प्रश्नावल्याही फसतात. पीएचक्यू-९ या नैराश्य मोजायच्या नऊ प्रश्नांच्या यादीत थकवा, भूक आणि झोप यांचे प्रश्न आहेत. फ्लेअरमध्ये मन अगदी ठणठणीत असलं तरी तिथे गुण चढतात. त्यामुळे पहिल्या दोन प्रश्नांकडे नीट बघा: कशातच रस वाटेनासा झालाय का, आणि उदास, निराश वाटतंय का. अंथरुणातून उठवत नाही, पण मैत्रिणीचा फोन आला की बरं वाटतं, हा बहुधा थकवा. फोन वाजतोय आणि तो कुणाचा आहे याचंही काही वाटत नाही, तेव्हा नैराश्याचा विचार करायचा.

थकव्यासाठी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्या. लोह कमी निघालं तर ते भरून काढल्यावर अनेकांचा ‘स्वभाव’ बदलतो.

हे तुम्हा एकट्याचं नाही. २०२१च्या एका मोठ्या आढाव्यात आयबीडी असलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्क्यांना चिंतेची आणि २५ टक्क्यांना नैराश्याची लक्षणं आढळली. आजार पेटलेला असताना हे प्रमाण सुमारे ५८ आणि ३९ टक्क्यांवर गेलं.

९. स्टेरॉइड सुरू झाल्यापासून ती वेगळीच माणूस झाली आहे. झोप नाही, चिडचिड, मध्येच रडणं.

घरच्यांकडून सर्वात जास्त येणारा प्रश्न हाच. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडमुळे असं होतं, आणि डोस जितका जास्त तितकं जास्त. बॉस्टनमध्ये रुग्णालयातल्या रुग्णांवर झालेल्या १९७२च्या पाहणीत, दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन (प्रेडनिसोलोनचंच भावंड) घेणाऱ्यांपैकी १.३ टक्क्यांना गंभीर मानसिक त्रास झाला. ८० मिलिग्रॅमच्या वर तो १८.४ टक्क्यांवर गेला. साधी चिडचिड आणि निद्रानाश यांचं प्रमाण अर्थातच याहून बरंच मोठं. काहींना उलट उत्साहाचं भरतं येतं: रात्री दोनला कपाटं आवरणं, न थांबता बोलणं, नको ती खरेदी.

करण्यासारखं: सगळा डोस सकाळी घ्यायला चालेल का ते विचारा. सुरुवातीच्या दिवसांतच कळवा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. आणि स्वतःहून गोळी बंद करू नका. काही आठवडे स्टेरॉइड घेतल्यावर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल झोपलेलं असतं, एकदम थांबवलं तर रक्तदाब कोसळू शकतो. भास होत असतील, संशय येत असेल किंवा मरणाच्या गोष्टी निघत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

डोस उतरला की स्वभाव बहुतेकदा परत येतो. त्या दिवसांत बोललेलं फार मनाला लावून घेऊ नका.

१०. नैराश्यावरच्या गोळ्या आयबीडीत चालतात का?

बहुतेक चालतात, पण पोटाचा हिशेब धरून निवडाव्या लागतात. एसएसआरआय या नैराश्यावरच्या नेहमीच्या गटातल्या गोळ्यांनी, त्यातही सर्ट्रालिनने, पहिल्या दिवसांत जुलाब होऊ शकतात. तो फ्लेअर समजून घाबरायचं नाही, पण कळवायचं. या गटाने रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांबरोबर जास्तच. अमिट्रिप्टिलिनने बद्धकोष्ठ होतं. जुलाब असलेल्याच्या ते पथ्यावर पडतं, आतडं अरुंद झालेल्याला अडचणीचं ठरतं. भूक आणि झोप दोन्ही गेली असतील तर मिर्टाझापिन या नैराश्यावरच्या गोळीचा विचार होतो. लहान आतड्याचा बराच भाग काढला असेल किंवा इलिओस्टॉमी (लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढून लावलेली पिशवी) असेल, तर हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या पुरत्या शोषल्या जाण्याआधीच बाहेर पडू शकतात. मानसोपचारतज्ज्ञाला ऑपरेशनची माहिती नसते, ती तुम्हीच द्यायची.

गुण यायला काही आठवडे लागतात. या गोळ्या दाहावरचं औषध नाहीत.

११. समुपदेशन, ध्यान, योग यांनी आयबीडी आटोक्यात येतो का?

मनाची अवस्था आणि रोजचं जगणं सुधारतं, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. दाह कमी होतो, याला कमजोर. मानसिक उपचारांच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर चिंता, नैराश्य आणि ताण थोडे उतरतात, आजाराच्या तीव्रतेत मात्र ठळक फरक दिसत नाही. जर्मनीत अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या ७७ रुग्णांवर १२ आठवड्यांच्या योगवर्गाची चाचणी झाली. त्यात जीवनमान सुधारलं. संमोहनाच्या एका छोट्या अमेरिकी चाचणीत ५४ जण होते. संमोहन घेतलेल्यांपैकी ६८ टक्के वर्षभर फ्लेअरशिवाय राहिले, दुसऱ्या गटातले ४० टक्के. आशा वाटावी असा आकडा आहे, पण ५४ माणसांवर नियम ठरत नाही.

कोणती पद्धत निवडावी? जी तुम्ही तिसऱ्या महिन्यातही करत असाल ती. पहाटे उठून तासभर ध्यान करायचं ठरवून झोप मोडणाऱ्यांना मी आधी झोपा म्हणते. क्रोन्समध्ये अपुरी झोप आणि पुढचा फ्लेअर यांचा संबंध दिसला आहे.

१२. मग ताण सांभाळून औषधं बंद केली तर?

करू नका. बरं वाटतंय ते बऱ्याचदा औषधामुळेच. कमी करायचीच असतील तर तपासण्या बघून, डॉक्टरांबरोबर.

१३. बाहेर पडायचीच भीती वाटते. वाटेत लागली तर?

ही भीती हवेतून आलेली नसते. बहुतेकांच्या पाठीशी एक फजितीचा प्रसंग असतो, जो ते डॉक्टरांनाही सांगत नाहीत. हळूहळू जग आक्रसतं: आधी लांबचा प्रवास बंद, मग लग्नकार्यं, मग बसमध्ये दाराजवळचीच जागा, मग बाहेर जायच्या दिवशी उपाशी राहणं.

आधी दाह आटोक्यात आहे का ते बघा. पेटलेल्या आजारात ‘भीतीवर मात करा’ हा सल्ला क्रूर आहे. आजार शांत असेल तर सीबीटीतली पायरी-पायरीची पद्धत वापरतात. पिशवीत कपड्यांचा जोड, पुसायचे टिश्यू आणि एक प्लास्टिकची पिशवी ठेवून आधी दहा मिनिटांच्या अंतरावर जायचं. तेच अंतर कंटाळा येईपर्यंत, मगच पुढचं. ओटीपोटाच्या तळाच्या, शौच रोखून धरणाऱ्या स्नायूंचे व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट असतात, त्यांचा उपयोग होतो. जुलाब थांबवणारं लोपेरामाइड सोबत ठेवावं का ते डॉक्टरांना विचारा. पेटलेल्या कोलायटिसमध्ये ते धोक्याचं ठरू शकतं.

१४. घरचे सारखे म्हणतात, ‘फार विचार करतेस म्हणून होतंय.’ काय सांगू?

कॅलप्रोटेक्टिनचा रिपोर्ट हातात द्या. खरंच. दाहाचा आकडा बघितला की ‘विचार’ हा शब्द मागे पडतो. पुढच्या वेळी त्यांनाच डॉक्टरांकडे बरोबर न्या.

घरच्यांनी हे वाचत असाल तर: ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हटल्याने कुणाचंही टेन्शन गेलेलं नाही. ‘आज औषध आणायला मी जाऊ का?’ याने थोडं जातं.

१५. मुलाला क्रोन्स आहे. परीक्षेचा ताण नको म्हणून शाळा बंद ठेवू का?

फ्लेअरमध्ये सुट्टी हवीच. पण आजार शांत असताना शाळा, खेळ, मित्र तोडले तर मूल एकटं पडतं, आणि तो ताण परीक्षेपेक्षा भारी. शाळेकडून दोन गोष्टी लेखी मागून घ्या: न विचारता वर्गाबाहेर जायची मुभा आणि परीक्षेत वाढीव वेळ. वाढीच्या वयातली मुलं उदास आहेत असं म्हणत नाहीत. ती चिडतात, गोळ्या लपवतात. गादीखाली गोळ्या सापडल्या तर ओरडण्याआधी विचारा, की शाळेत कुणी काही बोललं का.

१६. घरात मोठं दुःख घडलंय. फ्लेअर येऊ नये म्हणून औषध आधीच वाढवून घेऊ?

नको. येईलच असं नाही (प्रश्न ५), आणि जास्तीचं स्टेरॉइड अशा वेळी मन आणखी बिघडवू शकतं (प्रश्न ९). त्यापेक्षा महिनाभराच्या गोळ्या घरात आहेत ना ते बघा, गोळीची वेळ दुसऱ्या कुणाला तरी सांभाळायला सांगा, इंजेक्शन किंवा सलाइनची तारीख पुढे ढकलू नका, आणि पुढची कॅलप्रोटेक्टिन तपासणी थोडी अलीकडे घ्या.

१७. लगेच मदत कधी घ्यायची?

दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताची शौच, आणि त्याच्या जोडीला ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर ताप किंवा मिनिटाला ९०च्या वर नाडी: गंभीर कोलायटिस ओळखायचा हा निकष १९५५ साली ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी मांडला, आणि आजही तो वापरतात. पोट फुगून कडक होणं, उलट्या होऊन शौच-वायू बंद होणं, यातही थांबायचं नाही.

जीव नकोसा वाटणं हीसुद्धा तेवढीच तातडीची गोष्ट आहे. आयबीडीत आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त आढळला आहे. असा विचार येत असेल तर आत्ता जवळ असलेल्या माणसाला सांगा, एकटे राहू नका, आणि आपत्कालीन विभागात जा.

१८. फ्लेअर संपला, कोलोनोस्कोपी स्वच्छ आली, आणि आता रोज रडू येतंय. उलटं कसं?

हे फार जणांना होतं, फक्त कुणी बोलत नाही, कारण सगळे पेढे वाटायच्या मनःस्थितीत असतात. पेटलेल्या आजारात शरीर निभावण्याच्या कामात असतं, रडायला सवड नसते. ती नंतर मिळते. त्यातच स्टेरॉइड उतरत असेल तर तेही मन खाली ओढतं, म्हणून डोस कधी आणि किती कमी झाला ते तारखेनिशी बघा. शिवाय प्रत्येक कळीला ‘परत आला का’ ही भीती असते. तिच्यासाठी वही आणि तपासणीची ठरलेली तारीख (प्रश्न ६) कामी येते. तारीख माहीत असली की रोज स्वतःला तपासत बसावं लागत नाही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस, दिवसाचा बराच वेळ असंच वाटत असेल, तर रिपोर्ट कितीही चांगला असला तरी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, आणि पोटाच्या डॉक्टरांनाही तसं कळवा.